काट्यापासून कर्नलपर्यंत

सकाळी ६

गावच्या दूध संस्थेत संकलन सुरू होतं. उत्पादक किटली काट्यावर ठेवतो, नमुन्याचा घोट फॅट मशीनमध्ये जातो, फॅट आणि एसएनएफचे आकडे येतात आणि पावती निघते. काटा आणि मशीन दोन्ही सिरियल केबलने एका छोट्या बॉक्सला जोडलेली असतात. बॉक्समध्ये एआरएम जातीचा बोर्ड, त्यावर लिनक्स आणि बाजूच्या यूएसबी खाचेत मोबाइल कंपनीचं सिम घातलेला ४जी डोंगल. नोंद आधी बॉक्समधल्या कार्डवर लिहिली जाते, मग डोंगलमार्फत सर्व्हरवर जाते आणि तिथून उत्पादकाच्या मोबाइलवर मेसेज येतो. हे बॉक्स आम्ही कोल्हापूरच्या उद्यमनगरात तयार करतो. त्यातलं लिनक्स आणि डोंगलचे ड्रायव्हर हे माझं काम.

डोंगलच का, असं बरेच जण विचारतात. वाडीवस्तीवर फायबर पोहोचलेलं नसतं, पोहोचलं तरी पावसाळ्यात तुटतं. डोंगल बदलायला मात्र कुणाला जावं लागत नाही. एका कंपनीची रेंज गेली तर संस्थेचे सचिव स्वतः दुसरं सिम घालतात. बाहेरून गोष्ट एवढी सोपी दिसते, कारण आत कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, तो डोंगल ओळखलेला असतो. न ओळखला तर खाचेत नुसता दिवा लुकलुकत राहतो.

सकाळी ६:४०

घरच्या लॅपटॉपवर केंद्रांच्या हजेरीचा फलक उघडते. गेल्या आठवड्यात गगनबावडा तालुक्यात नवे बॉक्स बसवले, त्यातली तीन केंद्रं गप्प आहेत. पाठोपाठ एका सचिवांचा फोन येतो. “मॅडम, पावती निघतीया, पण आकडं वर जाईनात.” मी विचारते, डोंगलचा दिवा कसा आहे? “हिरवा हाय की, लुकलुकतोय.” म्हणजे डोंगलला वीज मिळतेय आणि त्याने मोबाइलचं नेटवर्कही धरलंय. अडचण डोंगल आणि बॉक्स यांच्या मधे आहे.

नोंदी बॉक्सच्या कार्डवर सुरक्षित आहेत, त्यामुळे कुणाचं दूध बुडालेलं नाही. पण दहा दिवसांचं बिल याच आकड्यांवरून निघतं आणि उत्पादकाला मेसेज आला नाही की त्याच्या मनात शंका येते. ती येऊ नये म्हणूनच तर हे सगळं उभं केलंय. संध्याकाळच्या संकलनाआधी तिन्ही केंद्रं सुरू झाली पाहिजेत.

सकाळी ८:३०

त्याच खेपेतला एक डोंगल वर्कशॉपच्या टेबलावर आहे. तो जोडून पहिली कमांड, ‘एलएसयूएसबी’. प्रत्येक यूएसबी वस्तू जोडल्याबरोबर आपले दोन क्रमांक सांगते, एक बनवणाऱ्या कंपनीचा आणि एक त्या उत्पादनाचा. प्रत्येक क्रमांक सोळा बिटांचा, म्हणून षोडशमान पद्धतीत चार अक्षरी. हुआवेचा १२डी१, झेडटीईचा १९डी२, क्वेक्टेलचा २सी७सी. वर्षानुवर्षं हेच पाहत आल्यामुळे मला कंपन्या नावापेक्षा क्रमांकाने लवकर आठवतात.

डोंगल मात्र जोडल्याबरोबर मोडेम म्हणून समोर येत नाही. आधी तो सीडी ड्राइव्ह असल्याचं सांगतो. विंडोज संगणकात वेगळी सीडी घालायला नको म्हणून कंपन्यांनी ड्रायव्हरचं सॉफ्टवेअर डोंगलच्याच पोटात ठेवलं. ते एकदा इन्स्टॉल झालं की डोंगलला ठराविक संदेश जातो, तो सीडीचं रूप सोडतो आणि नव्या क्रमांकाने मोडेम म्हणून पुन्हा हजर होतो. लिनक्सला त्या सॉफ्टवेअरचा उपयोग नाही, त्यामुळे सुरुवातीला लोक डोंगल जोडायचे आणि सीडीच बघत बसायचे. योझुआ डीट्से यांनी ‘यूएसबी-मोडस्विच’ लिहून हा प्रश्न सोडवला. कोणत्या क्रमांकाच्या डोंगलला कोणता संदेश पाठवायचा, याची यादी त्याच्यासोबत येते. डोंगल जोडला गेल्याचं ‘यूडेव्ह’ कळवतं, यादी पाहिली जाते, संदेश जातो. हुआवेचा ई३३७२ पाहा. हायलिंक प्रकारातला हा डोंगल १२डी१:१एफ०१ या क्रमांकाने येतो आणि बदलल्यावर १२डी१:१४डीसी होतो. मग तो नेटवर्क कार्डासारखाच वागतो, ‘सीडीसी-ईथर’ ड्रायव्हर त्याला उचलतो आणि बाकी काही करावं लागत नाही.

टेबलावरचा डोंगल मात्र त्या जातीचा नाही. सीडीचं रूप त्याने नीट सोडलं आणि त्यापुढे काहीच झालं नाही. कर्नलच्या नोंदीत नवी वस्तू आल्याची ओळ आहे, क्रमांक आहेत, पण तिला कुठल्याही मोडेम ड्रायव्हरने हात लावलेला नाही.

सकाळी ९:३०

मागच्या खेपेतला डोंगल शेजारी ठेवते. तोच रंग, तेच कवच, पाठीवर तेच मॉडेल. उत्पादनाचा क्रमांक मात्र वेगळा. बनवणाऱ्याने आतलं फर्मवेअर बदललं, क्रमांक बदलला आणि खोक्यावर त्याची नोंद केली नाही. या धंद्यात हे नेहमीचं आहे आणि ते चुकीचं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. ड्रायव्हर मॉडेलचं नाव वाचत नाही, क्रमांक वाचतो. प्रत्येक ड्रायव्हरच्या आत त्याला चालणाऱ्या क्रमांकांची यादी असते. क्रमांक यादीत नसेल तर आतली चिप तीच असली तरी ड्रायव्हर तिच्याकडे फिरकत नाही.

आता ‘यूएसबी-डिव्हायसेस’ ही कमांड. ती त्या एका डोंगलच्या पोटातले वेगवेगळे भाग, म्हणजे इंटरफेस, उलगडून दाखवते. यात पाच निघाले. चार क्रमांकावर आठव्या वर्गाचा भाग, म्हणजे साठवण. डोंगलमधल्या मेमरी कार्डाची खाच. शून्य ते तीन क्रमांकांचे भाग एफएफ वर्गाचे, म्हणजे ‘बनवणाऱ्याचं खासगी’. ते नेमके काय आहेत, हे वर्ग पाहून कळत नाही. जुन्या डोंगलच्या मांडणीवरून अंदाज बांधते. शून्य कंपनीच्या तपासणीसाठी, एक आणि दोन मोडेमचे, तीन नेटवर्कचा.

दुपारपर्यंतचा सगळा पेच या तीन क्रमांकाच्या भागाचा आहे. एकाच डोंगलचे भाग दोन वेगळ्या ड्रायव्हरना वाटून द्यायचे असतात. मोडेमचे भाग ‘ऑप्शन’ ड्रायव्हरकडे. माथियास उर्लिक्स यांनी २००५ मध्ये ऑप्शन कंपनीच्या कार्डांसाठी तो लिहिला, पण आज त्याची फाइल दोन हजार ओळींपलीकडे गेलीय आणि तिच्यात जगभरच्या मोडेमचे क्रमांक आहेत. नेटवर्कचा भाग ‘क्यूएमआय-डब्ल्यूवॅन’कडे. हा नॉर्वेच्या ब्योर्न मोर्क यांचा ड्रायव्हर, २०१२ साली ३.४ आवृत्तीपासून कर्नलमध्ये आहे. क्वालकॉमच्या चिपशी तिच्याच भाषेत बोलणारा तो दुभाषी.

सकाळी १०:१५

कर्नल पुन्हा न बांधता क्रमांक तात्पुरता शिकवायची सोय आहे. सिसएफएस या कर्नलच्या आभासी फाइल व्यवस्थेत ड्रायव्हरच्या फोल्डरात ‘न्यू-आयडी’ नावाची फाइल असते, तिच्यात दोन्ही क्रमांक लिहिले की ड्रायव्हर त्या वस्तूला उचलतो. ऑप्शनच्या फाइलीत क्रमांक लिहिले. टीटीवाय-यूएसबी-० पासून टीटीवाय-यूएसबी-३ पर्यंत चार पोर्ट उगवले.

चार नव्हे, तीन उगवायला हवे होते. साठवणीचा भाग ऑप्शन ड्रायव्हर स्वतःहून सोडतो, तेवढी समज त्यात लिहिलेली आहे. पण न्यू-आयडीतून क्रमांक दिला की बाकी खासगी भाग तो सरसकट घेतो. नेटवर्कचा भागही त्याने सिरियल पोर्ट समजून घेतला, त्यामुळे क्यूएमआय-डब्ल्यूवॅनला काही उरलंच नाही. इंटरनेटवर सापडणाऱ्या एका ओळीच्या उपायाने ‘पोर्ट दिसतात पण नेट चालत नाही’ अशी जी अवस्था होते, ती बहुतेक वेळा यामुळेच. तीन क्रमांकाचा भाग ऑप्शनकडून ‘अनबाइंड’ करून सोडवला आणि क्यूएमआय-डब्ल्यूवॅनला दिला. ‘डब्ल्यूवॅन-०’ हे नेटवर्कचं नाव लगेच यादीत आलं.

मग पोर्टांची ओळखपरेड. पिकोकॉम हा सिरियल टर्मिनल उघडून ‘एटी’ टाइप केलं. शून्यवर शांतता, एक आणि दोनवर ‘ओके’. अंदाज बरोबर होता. ‘एटी+सीपीआयएन’ विचारलं, सिम तयार. ‘एटी+सीएसक्यू’ विचारलं, उत्तर २४. हा आकडा शून्य ते ३१ मध्ये येतो. शून्य म्हणजे उणे ११३ डीबीएम आणि पुढच्या प्रत्येक आकड्याला दोन डीबीएमची भर. म्हणजे उद्यमनगरात उणे ६५, भरपूर रेंज. ९९ आलं तर मोडेमलाच काही समजलेलं नाही. ४जीला आरएसआरपी पाहणं जास्त बरोबर, पण फोनवरून सचिवांना विचारायला सीएसक्यू सोपा पडतो.

पुण्यात शिकत असताना टाटा फोटॉन आणि रिलायन्स नेटकनेक्टचे डोंगल सगळ्यांकडे असायचे. तेव्हा डब्ल्यूव्ही-डायलमधून नंबर फिरवायचा आणि पीपीपी जोडणी करायची, एवढ्यावर भागत असे. टीटीवाय पोर्ट आला की अर्धी लढाई जिंकली. ४जीच्या वेगाला ती वाट अपुरी पडते. शिवाय नव्या एलटीई चिप नेटवर्कच्या भागातून ईथरनेटचं वेष्टण न लावता थेट आयपी पाठवतात. कर्नलला ते सांगावं लागतं, त्यासाठी क्यूएमआय-डब्ल्यूवॅनमध्ये ‘रॉ-आयपी’ची सोय ४.५ आवृत्तीपासून आहे. ती चालू नसेल तर जोडणी झालेली दिसते, पण एक पॅकेटही परत येत नाही. आमच्या बॉक्सवर मोडेममॅनेजर ही निवड आपोआप करतो. त्याने एपीएन घेतला, पत्ता मिळवला, पिंग सुरू झालं.

सकाळी ११

आता कायमचा उपाय. ऑप्शनच्या यादीत एक ओळ, सोबत ‘तीन क्रमांकाचा भाग राखीव’ अशी सूचना. क्यूएमआय-डब्ल्यूवॅनच्या यादीत एक ओळ, ‘या डोंगलचा फक्त तीन क्रमांकाचा भाग तुझा’. बस्स. दोन फायलींत एकेक ओळ.

आमच्या कर्नलमध्ये हे दोन्ही ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून ठेवलेले आहेत, म्हणजे कॉन्फिगरेशनमध्ये ‘वाय’ ऐवजी ‘एम’. म्हणून आज सगळा कर्नल बदलावा लागत नाही, दोन छोट्या फाइली बदलल्या की झालं. फक्त त्या केंद्रांवरच्या कर्नलशी आवृत्ती तंतोतंत जुळली पाहिजे, नाहीतर कर्नल मॉड्यूल घेत नाही. बांधलं, टेबलावरच्या बॉक्सवर चढवलं, ‘डेपमॉड’ चालवलं, बॉक्स बंद करून चालू केला. डोंगलने सीडीचं रूप सोडलं, तीन पोर्ट आले, डब्ल्यूवॅन-० आलं. हाताने काही करावं लागलं नाही. डोंगल उपटून पुन्हा जोडला, मग डोंगल लावलेला असतानाच वीज घालवून आणली. दोन्ही वेळी तेच. खेड्यातल्या लाइटचा भरवसा नाही, त्यामुळे ही शेवटची चाचणी मी कधीच सोडत नाही.

दुपारी १२

केंद्रावर फाइल पोहोचवायची कशी? नेट नाही म्हणूनच तर अडलंय. यावर एक चांगली वाट आहे. अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडून टेदरिंग चालू केलं की बहुतेक फोन आरएनडीआयएस पद्धतीचं नेटवर्क कार्ड बनतात आणि ‘आरएनडीआयएस-होस्ट’ हा ड्रायव्हर आम्ही प्रत्येक बॉक्समध्ये राखून ठेवलेला असतो. सचिवांना फोन करते. “मोबाईल जोडू व्हय?” “होय दादा, चार्जिंगचीच वायर. मग सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्या खाली यूएसबी टेदरिंग असेल, ते चालू करा.” मोबाइल कंपन्या सिमला सहसा स्वतंत्र सार्वजनिक पत्ता देत नाहीत, म्हणून बॉक्सपर्यंत आम्हाला बाहेरून पोहोचता येत नाही, नेट मिळालं की बॉक्सच सर्व्हरशी बोगदा उघडतो आणि आम्ही त्यातून आत जातो. फलकावर केंद्र हिरवं झालं. मॉड्यूल चढवलं, फोन काढायला सांगितलं, डोंगलवर जोडणी टिकली. अडकलेल्या नोंदी भराभर वर आल्या. दुसरं केंद्रही याच रीतीने सुरू झालं.

तिसऱ्या ठिकाणी ड्रायव्हर बसला, डब्ल्यूवॅन-० आलं आणि थोड्या वेळात गेलं. पुन्हा आलं, पुन्हा गेलं. कर्नलच्या नोंदीत ‘यूएसबी डिस्कनेक्ट’ची रांग. हे काम फोनवर होण्यासारखं नाही.

दुपारी १२:४५

निघण्यापूर्वी पुढच्या हंगामाच्या बोर्डाचं कॉन्फिगरेशन पुरं करायचं आहे. बोर्ड बनवणाऱ्याने दिलेल्या कर्नलमध्ये पडदा, कॅमेरा, आवाज सगळं चालू आणि मोडेमचं जवळपास सगळं बंद असतं. ‘मेन्यूकॉन्फिग’ उघडून डिव्हाइस ड्रायव्हर्स, यूएसबी सपोर्ट, यूएसबी सिरियल कन्व्हर्टर सपोर्ट असं आत जाते आणि ‘यूएसबी ड्रायव्हर फॉर जीएसएम अँड सीडीएमए मोडेम्स’पुढे एम लावते. तो ऑप्शन. मग नेटवर्कच्या शाखेत यूएसबी नेटवर्क अडॅप्टर्समध्ये सीडीसी-ईथर, सीडीसी-एनसीएम, सीडीसी-एमबीआयएम, क्यूएमआय-डब्ल्यूवॅन आणि आरएनडीआयएस-होस्ट. जुन्या डोंगलसाठी पीपीपीसुद्धा. यूएसबी स्टोरेज विसरून चालत नाही; पेनड्राइव्हवरून दुरुस्ती करायची वेळ आली तर तोच लागतो.

एका तरुण सहकाऱ्याने विचारलं, डोंगलच्या कंपनीने स्वतःचा ड्रायव्हर दिलाय, तो का वापरत नाही? मी तो वापरू देत नाही. कर्नलच्या आतले दुवे आवृत्तीगणिक बदलतात आणि ते बदलते ठेवायचं हे कर्नल लिहिणाऱ्यांचं जाणीवपूर्वक धोरण आहे. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी त्यावर लिहिलेलं टिपण कर्नलच्या सोबतच मिळतं. मूळ कर्नलमध्ये असलेला ड्रायव्हर या बदलांबरोबर दुरुस्त होत जातो. बाहेरचा मागे राहतो, कंपनी पुढच्या मॉडेलकडे वळते आणि सुरक्षेसाठी कर्नल बदलायची वेळ आली की आपण अडकतो. कंपाइल लावलं आणि डबा उघडला.

दुपारी ४

कळे, साळवण करत गगनबावड्याच्या बाजूला पोहोचलो. कोल्हापूरपासून गगनबावडा पंचावन्न किलोमीटरच्या आसपास. जिल्ह्यातल्या सगळ्यात जास्त पाऊस पडणाऱ्या भागांपैकी हा एक, आणि डोंगरांमुळे रेंज तुटक. केंद्रात शिरताच कारण दिसलं. रेंज मिळावी म्हणून कुणीतरी डोंगल लांब, बारीक एक्स्टेन्शन वायरला लावून खिडकीच्या गजाला बांधला होता. हेतू चांगला. पण यूएसबी २.० च्या खाचेतून ५०० मिलिअँपिअरच मिळतात. सिग्नल अशक्त असला की डोंगल जास्त जोर लावून प्रक्षेपण करतो, विजेची मागणी वाढते आणि बारीक तारेत व्होल्टेज पडतं. मीटर लावला. डोंगल शांत असताना जवळपास पाच व्होल्ट, डेटा सुरू होताच साडेचारच्या खाली. त्या क्षणी डोंगल बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि कर्नल प्रामाणिकपणे ‘डिस्कनेक्ट’ लिहितो. ही ड्रायव्हरची चूक अजिबात नाही, पण डोंगल चालत नाही म्हटलं की बोट आधी ड्रायव्हरकडेच जातं.

वायर काढली. स्वतःचा अडॅप्टर असलेला हब बॉक्सशेजारी बसवला, डोंगल त्यात, आणि खिडकीबाहेर डोंगलऐवजी अँटेना नेला. सीएसक्यू ९ होता, तो १५ झाला. कर्नलने डोंगलला मधेच झोपवू नये म्हणून त्याच्या ‘पॉवर कंट्रोल’मध्ये ‘ऑन’ लिहिणारा यूडेव्हचा नियमही घातला.

संध्याकाळी ५:३०

रांग लागली. पहिली किटली काट्यावर आली, पावती निघाली आणि रांगेतल्या मावशींच्या पिशवीतला फोन वाजला. त्यांनी मेसेज उघडून पावतीशी ताडून पाहिला आणि मोबाइल सचिवांपुढे धरला. आकडे जुळत होते. मी बॉक्सच्या नोंदींवर नजर ठेवून होते. संकलन संपेपर्यंत ‘डिस्कनेक्ट’ची एकही ओळ आली नाही.

रात्री ९

दिवसाचं सर्वांत महत्त्वाचं काम मी रात्रीसाठी ठेवते. त्या दोन ओळी आमच्याच बॉक्समध्ये राहिल्या तर हाच डोंगल विकत घेणारा सोलापूरचा दुकानदार, किन्नौरमधली शाळा किंवा केनियातला दवाखाना पुन्हा त्याच ठिकाणी अडकेल. म्हणून त्या मूळ कर्नलकडे पाठवायच्या. ऑप्शनची ओळ यूएसबी सिरियलचे देखभालकर्ते योहान होवोल्ड पाहतात. त्यांची अपेक्षा ठरलेली आहे. यूएसबी-डिव्हायसेसने दिलेली माहिती जशीच्या तशी हवी, प्रत्येक भाग कशासाठी आहे ते लिहिलेलं हवं आणि शेवटी ‘साइन्ड-ऑफ-बाय’ची ओळ, म्हणजे हे काम माझं आहे आणि ते द्यायचा मला हक्क आहे अशी सही. मेल साध्या मजकुराची, जोडपत्र नको. हे सगळं करायला अर्धा तास पुरतो.

स्वीकारलेल्या ओळी पुढच्या आवृत्तीत जातात. शिवाय, नवे उपकरण क्रमांक स्थिर आवृत्त्यांमध्ये घ्यायला कर्नलच्या नियमांची परवानगी आहे. म्हणजे जुना कर्नल वापरणाऱ्या माणसालाही ते नेहमीच्या अपडेटमधून मिळतात. त्याला माझं नाव माहीत होत नाही, डोंगल चालतो एवढंच कळतं.

तुमच्याकडचा डोंगल लिनक्सवर ओळखला जात नसेल तर तो परत करण्याआधी एवढं करा. एलएसयूएसबीमधले त्याचे दोन्ही क्रमांक आणि यूएसबी-डिव्हायसेसची पूर्ण माहिती उतरवून ठेवा. न्यू-आयडीने चालवून बघा, कोणता भाग कशाचा आहे ते शोधा आणि जे सापडेल ते स्वतःपाशी न ठेवता मूळ कर्नलकडे पाठवा. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालतं, तिथे क्रमांक बरोबर लागतात.